‘हानिकारक’ या शब्दाची व्याप्ती : मद्य, कर्करोग आणि लोकारोग्याची मराठी

मद्याच्या बाटलीवर कोणता इशारा छापावयाचा हे भारतात नियमाने ठरलेले आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली मद्यजन्य पेयांसंबंधी विनियम केले व ते १ एप्रिल २०१९ पासून अमलात आले. मद्याचे सेवन आरोग्यास हानिकारक आहे, सुरक्षित राहावे, मद्य पिऊन वाहन चालवू नये, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य त्यांनुसार बाटलीवर असावे लागते. राज्याची इच्छा असल्यास ते प्रादेशिक भाषेतही छापता येते. या वाक्यात असत्य असे काहीच नाही. परंतु त्यात कर्करोगाचे नावही नाही. ‘हानिकारक’ हा शब्द इतका रुंद आहे की, त्यात रात्रीची डोकेदुखी बसते, यकृताचा विकार बसतो, अपघात बसतो आणि अन्ननलिकेचा कर्करोगही बसतो. आणि ज्या शब्दात सर्व काही बसते त्याने ऐकणाऱ्याच्या मनात काहीच ठसत नाही.

लोकारोग्याच्या माहितीची अचूकता तपासताना सामान्यतः आकडे तपासले जातात. आकडा मूळ ग्रंथातील आकड्याशी जुळला की माहिती अचूक ठरली, असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः आकडा जुळूनही वाक्य चुकू शकते. मद्य आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी जी माहिती मराठीत येते, ती बहुधा इंग्रजीतून उतरलेली असते, आणि तिच्यातील पुष्कळसे दोष हे वैद्यकाचे नसून शब्दयोजनेचे, विभक्तीचे व क्रियापदाच्या रूपाचे असतात. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून ऐकणारा मनुष्य एका विशिष्ट गावचा कल्पिला आहे. ते गाव म्हणजे शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेलगतचे, भीमेकाठच्या ऊसपट्ट्यातील मांडवगण फराटा. (श्रीगोंदे तालुक्यातही एक मांडवगण आहे, ‘फराटा’ हे उपपद जोडल्यानेच शिरूरचे मांडवगण निराळे ओळखू येते. गावाच्या नावात लोक जी दक्षता सहज पाळतात, ती दारूच्या नावात पाळली जात नाही, हे पुढे दिसेल.)

प्रथम मूळ शास्त्रीय प्रतिपादन काय आहे ते पाहणे इष्ट ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ सालीच मानवास कर्करोगकारक ठरविले आणि त्यांचा समावेश आपल्या पहिल्या गटात केला. त्यानंतरच्या फेरतपासण्यांत हा निर्णय कायम राहिला व त्याची व्याप्ती वाढली. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदाशय आणि स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगांशी मद्याचा कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला आहे. मद्यातील इथेनॉलचे शरीरात ॲसिटाल्डिहाइड बनते. ते पेशींतील जनुकद्रव्यास इजा करते. तोंडातील सूक्ष्मजंतूही हेच कार्य जागच्या जागी करतात. शिवाय मद्याने तोंडाच्या आतील अस्तराची रोधकशक्ती कमी होते आणि तंबाखूतील विषारी द्रव्यांना आत शिरण्यास वाट मिळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये नव्याने निदान झालेल्या कर्करोगांपैकी सुमारे ७,४१,३०० रुग्णांचा, म्हणजे शेकडा ४.१ रुग्णांचा, रोग मद्याच्या खाती पडतो. मूळ प्रतिपादन एवढे स्पष्ट आहे. प्रश्न उद्भवतो तो ते मराठीत आल्यावर.

पहिली अडचण खुद्द त्या वस्तूच्या नावाची. इंग्रजीत त्या द्रव्याला आणि त्या द्रव्याच्या सर्व पेयांना एकच शब्द चालतो. मराठीत ‘मद्य’ हा शब्द ग्रांथिक व शासकीय आहे. ‘दारू’ हा बोलण्यातला आहे. आणि ‘दारू’ या शब्दाला निंदेची एक छटा कायमची चिकटलेली आहे. त्यामुळे ज्या पेयाला प्रतिष्ठा द्यावयाची त्याला त्या शब्दाच्या बाहेर काढण्याकडे कल असतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईनच्या विक्रीस अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे विधान जाहीर वादात वारंवार ऐकू आले. शब्दव्यवहार म्हणून पाहिले तर या विधानात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पुष्कळ मराठी भाषकांच्या मनातील ‘दारू’ या शब्दाच्या चित्रात द्राक्षाची वाईन खरोखरीच बसत नाही. परंतु कर्करोगाचा संबंध शब्दाच्या छटेशी नसून इथेनॉलशी आहे, आणि ते वाईनमध्येही आहे, बिअरमध्येही आहे. ‘दारूमुळे कर्करोग होतो’ असे मराठीत लिहिले म्हणजे बिअर पिणारा तरुण स्वतःला त्या वाक्यातून अगदी प्रामाणिकपणे वगळतो. कारण तो ‘दारू पीत’ नाही, ‘बिअर घेतो’.

याच्या उलट टोकाला देशी दारूचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात ‘देशी दारू’ ही कायद्याने आखलेली संज्ञा आहे. १९७३ च्या महाराष्ट्र देशी दारू नियमांनी तिचे उत्पादन व विक्री नियंत्रित होते. ती साखर कारखान्यातील मळीपासून काढलेल्या मद्यार्कापासून तयार होते, बाटलीबंद होते आणि परवानाधारक दुकानात विकली जाते. हातभट्टीची किंवा ‘गावठी’ दारू ही निराळी. ती काळा गूळ, नवसागर अशा जिनसांपासून चोरून गाळली जाते व ती सर्वस्वी बेकायदा आहे. उसाच्या पट्ट्यातील माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मळी काय असते हे तो जाणतो, त्याच्याच तालुक्यात न्हावऱ्यास घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिलेला आहे. आता इंग्रजी संशोधनात स्थानिक मद्यप्रकारांसाठी जी व्यापक संज्ञा योजिली जाते तिच्यात देशी दारू, ठर्रा, मोहाची दारू आणि इतर प्रांतांतील तत्सम पेये एकत्र येतात. या संज्ञेचे भाषांतर कोणी ‘गावठी दारू’ असे केले तर परवान्याच्या दुकानात जाणारा निश्चिंत होतो, आणि ‘देशी दारू’ असे केले तर भट्टीवर जाणारा. दोन्ही भाषांतरे कोशात शोधली तर निर्दोष ठरतील.

या संदर्भात ‘विषारी दारू’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष वेधावयास हवे. मिथेनॉलमिश्रित दारूने महाराष्ट्रात मोठे अनर्थ झाले आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरावर माणसे दगावली. अशा घटनांचे वर्णन वृत्तपत्रे ‘विषारी दारूचे बळी’ असे करतात, आणि ते रास्तच आहे. तथापि विशेषणाचा एक धर्म असा की, ते विशेष्याचे दोन वर्ग पाडते. ‘गोडे पाणी’ म्हटले की खारे पाणी गृहीत होते; ‘विषारी दारू’ म्हटले की विषारी नसलेली दारू गृहीत होते. मिथेनॉलच्या दृष्टीने ही विभागणी खरी आहे. कर्करोगाच्या दृष्टीने ती खोटी आहे, कारण तेथे अपाय भेसळीने होत नाही, शुद्ध इथेनॉलनेच होतो. मौज अशी की, ‘इथेनॉल’ हा शब्द आज ऊसपट्ट्यात अनोळखी राहिलेला नाही. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे, कारखान्याला उत्पन्न मिळवून देणारे द्रव्य म्हणून तो शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला आहे. लोकारोग्याच्या लेखकाने या ओळखीचा लाभ अद्याप घेतलेला दिसत नाही. ‘बिअर असो, वाईन असो, देशी असो, विदेशी असो की हातभट्टीची असो, त्या सर्वांत इथेनॉल असते आणि अपाय त्या इथेनॉलचा आहे’ हे वाक्य लांब आहे खरे, पण पळवाट ठेवीत नाही.

दुसरी अडचण मापाची आहे. आरोग्यविषयक इंग्रजी लेखनात ‘दिवसाला एक पेय’ अशी भाषा येते. हे ‘पेय’ म्हणजे एक प्रमाणित मात्रा असून तीही देशोदेशी भिन्न आहे. अमेरिकेत ती १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्काची धरतात, ब्रिटनमधील एकक ८ ग्रॅमचे आहे, अनेक देशांत १० ग्रॅमचे. मराठीत याचे ‘एक पेग’ किंवा ‘एक पेला’ असे रूपांतर सर्रास होते. हा पेग किती मोठा? ४२.८ टक्के मद्यार्काची व्हिस्की किंवा रम ६० मिलिलिटर घेतली तर तीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे ‘एक पेय’ भाषांतरात येताच दुपटीहून मोठे होऊ शकते. गावाकडील व्यवहारात तर पेगही फारसा मोजला जात नाही. तेथील मापे नाईंटी, क्वार्टर आणि खंबा ही आहेत. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये, तीव्रता वरीलप्रमाणे धरल्यास, सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क भरतो. ८ टक्के तीव्रतेच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर तीत तो सुमारे ४१ ग्रॅम असतो.

हे गणित केवळ कुतूहलाचे नव्हे. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या अभ्यासात रोज २० ग्रॅमहून कमी घेणाऱ्यांस मध्यम, २० ते ६० ग्रॅम घेणाऱ्यांस जोखमीचे आणि ६० ग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांस अतिमद्यपी गणले आहे. ‘रोज एक क्वार्टर, जास्त नाही’ असे सांगणारा मनुष्य आपल्या समजुतीने मर्यादेत असतो. अभ्यासाच्या कोष्टकात तो सर्वांत वरच्या वर्गाच्या उंबऱ्यावर उभा असतो. ‘अति मद्यपान टाळा’ हा सल्ला त्याला दिला तर तो तो शेजाऱ्यासाठी आहे असे समजतो, कारण ‘अति’ या शब्दाला माप नाही. पत्रकात ‘अति’ लिहिण्याऐवजी ‘क्वार्टर’ लिहिणे अशिष्ट वाटेल, पण शास्त्राशी इमान त्यानेच राखले जाईल. तेथेच हेही सांगितले पाहिजे की, त्याच अंदाजात मध्यम वर्गाकडेही सुमारे १,०३,१०० रुग्ण, म्हणजे मद्यजन्य कर्करोगांपैकी जवळजवळ १४ टक्के, येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये जे निवेदन केले, की मद्याची कोणतीही पातळी आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, त्याचा आधार हाच आहे. त्याचा अर्थ ‘एका घोटाने कर्करोग होतो’ असा मात्र नाही. ज्याखाली अपाय शून्य होतो असा उंबरठा आढळत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. पहिले वाक्य ऐकून माणूस हसतो, दुसरे ऐकून विचार करतो.

तिसरी अडचण क्रियापदाची; आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची होय. ‘दारूमुळे कर्करोग होतो’ या वाक्यात ‘होतो’ हा साधा वर्तमानकाळ आहे. मराठीत हाच काळ त्रिकालाबाधित सत्यासाठी योजला जातो: सूर्य पूर्वेस उगवतो, पाण्याने आग विझते. अशा वाक्याला ऐकणारा नियम समजतो, आणि नियम मोडावयास एक अपवाद पुरतो. आशा सेविका आणि गावातील एखादे वडीलधारे गृहस्थ यांच्यातील संभाषण पुढीलप्रमाणे कल्पिता येईल. ती म्हणते, “तात्या, दारूनं कॅन्सर होतो, आता सोडा बरं.” तात्या म्हणतात, “अगं पोरी, आमचं म्हातारं जलमभर प्यालं, नव्वदीला टेकलं. त्याला कुठं झाला?” येथे तात्यांचे तर्कशास्त्र चुकलेले नाही. त्यांच्यापुढे सार्वत्रिक विधान ठेवले गेले व त्यांनी प्रत्यक्षातील उदाहरणाने ते खोडून काढले. चूक वाक्याची आहे. मूळ प्रतिपादन सार्वत्रिक नव्हतेच.

मग यावर उपाय म्हणून ‘कर्करोग होऊ शकतो’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. शास्त्रज्ञाच्या कानाला हे सावध वाटते. परंतु ‘शकणे’ या सहायक क्रियापदाने केवळ शक्यता दर्शविली जाते, तिचे प्रमाण नव्हे. पाऊस पडू शकतो, गाडी चुकू शकते, ताप येऊ शकतो. या मालिकेत कर्करोगही येऊन बसला की तो इतर शक्यतांइतकाच दूरचा होतो. एक रूप खरे असण्यापेक्षा अधिक बोलते, दुसरे खरे असण्यापेक्षा कमी. या दोहोंमधील जागा भरण्यासाठी इंग्रजीकडे पाहण्याची गरज नाही. मराठीत ‘जितका–तितका’ ही संबंधदर्शक जोडी पूर्वापार रुळलेली आहे. ‘दारू जितकी अधिक आणि जितकी वर्षे अधिक, तितका तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव अधिक’ असे म्हटले म्हणजे मात्रा आणि परिणाम यांचे नाते अचूक येते, नव्वदीच्या म्हाताऱ्याने ते खोटे ठरत नाही, आणि त्यातून आपोआप असाही अर्थ निघतो की कमी केल्याने संभव कमी होईल. हा अर्थ शास्त्राने पुष्ट केलेला आहे. मद्य कमी केल्याने अथवा सोडल्याने तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव घटतो, यास पुरेसा पुरावा असल्याचा निर्वाळा याच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२३ च्या अखेरीस दिला. ‘होतो’ या क्रियापदात या दिलाशाला जागाच नाही.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ या दोन शब्दांविषयीही थोडे सांगावयास हवे. ‘धोका’ या शब्दात फसवणुकीचाही अर्थ आहे, आणि धोका बाहेरून येतो. ‘जोखीम’ मनुष्य पत्करतो. ‘जोखमीचा ऐवज’ या प्रयोगात सांभाळण्याची जबाबदारीही सूचित होते. मद्याच्या बाबतीत दुसरा शब्द अधिक यथार्थ आहे. परंतु हा भेद सूक्ष्म आहे, आणि पत्रकाचे बरेवाईट त्यावर ठरणार नाही.

ठरेल ते टक्क्यांवर. ‘धोका ५० टक्के वाढतो’ हे वाक्य मराठी वृत्तलेखनात वारंवार भेटते. समजा, एका हजार माणसांत एखादा रोग आयुष्यभरात दहा जणांस होतो. तो संभव ५० टक्क्यांनी वाढला तर पंधरा जणांस होईल. पण ‘५० टक्के धोका’ असे ऐकणारा पाचशे जणांची कल्पना करतो. पहिल्या प्रयोगातील ‘नी’ हा तृतीयेचा प्रत्यय आणि ‘च्या तुलनेने’ हे पद ही दोनच लहान शब्दरूपे या दोन अर्थांमध्ये उभी आहेत. मथळा आखूड करताना सर्वप्रथम गळतात तीही हीच.

याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची जी संशोधन शाखा आहे, तेथील संशोधकांनी भारतातील पाच केंद्रांतून २०१० ते २०२१ या काळात माहिती गोळा करून गालाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्यात १,८०३ रुग्ण पुरुषांची तुलना रोग नसलेल्या १,९०३ पुरुषांशी केलेली असून निष्कर्ष डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार मद्य न घेणाऱ्यांच्या तुलनेने मद्य घेणाऱ्यांत या कर्करोगाचा संभव ६८ टक्क्यांनी अधिक आढळला. विदेशी धाटणीच्या मद्यप्रकारांच्या बाबतीत ही वाढ ७२ टक्क्यांची, स्थानिक प्रकारांच्या बाबतीत ८७ टक्क्यांची होती. भारतातील या विशिष्ट कर्करोगापैकी सुमारे साडेअकरा टक्के रोग मद्याशी आणि सुमारे ६२ टक्के रोग मद्य व खाण्याची तंबाखू यांच्या संयुक्त परिणामाशी निगडित असल्याचा अंदाजही त्यात आहे.

एकाच परिच्छेदात ६८ आणि ६२ असे दोन आकडे, दोहोंपुढे टक्क्याचे एकच चिन्ह, आणि अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न. पहिला आकडा दोन गटांची तुलना सांगतो. पिणाऱ्या शंभरांपैकी अडुसष्टांना रोग होतो असे तो मुळीच सांगत नाही. दुसरा आकडा रुग्णांच्या एकूण संख्येतील वाटा सांगतो, की ती दोन व्यसने नसती तर रुग्णांचा एवढा भाग कदाचित रुग्ण झालाच नसता. असे वाटे एकमेकांवर पडतात, त्यांची बेरीज करावयाची नसते. एकाच रुग्णाचा रोग तंबाखू सोडल्यानेही टळला असता आणि दारू सोडल्यानेही टळला असता, असे असू शकते. मराठीत पहिल्यासाठी ‘च्या तुलनेने इतक्या टक्क्यांनी अधिक’ आणि दुसऱ्यासाठी ‘दर शंभर रुग्णांपैकी इतके’ अशी दोन निरनिराळी वाक्यरचना नित्य पाळली तर घोटाळ्याला वाव उरणार नाही. आणखी एक गोष्ट: ‘गालाच्या आतील अस्तर’ याचे मथळ्यात ‘तोंड’ होणे क्षम्य आहे, पण गावात ‘गालफड’ म्हटल्याने काम अधिक चांगले होईल, कारण तंबाखूचा बार जेथे धरतात ती हीच जागा.

चौथा घोटाळा ‘पहिला गट’ या शब्दांचा. तंबाखू, ॲस्बेस्टॉस आणि मद्य ही सर्व आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या गटात आहेत. प्रक्रिया केलेले मांस आणि सूर्याचे किरणही त्यातच आहेत. यावरून ‘दारू तंबाखूइतकीच घातक’ असा निष्कर्ष काढणारे लेखन दिसते. हा गट पुराव्याच्या बळकटीचा आहे, अपायाच्या मोठेपणाचा नाही. न्यायालयात चोरी सिद्ध झाली आणि खूनही सिद्ध झाला, म्हणून दोन्ही गुन्हे सारखे होत नाहीत. सारखी आहे ती सिद्धता. मराठीत ‘पहिल्या क्रमांकाचा’ म्हणजे ‘सर्वांत मोठा’ हा अर्थ इतका रुजलेला आहे की, ‘गट १’ असे नुसते लिहिणे म्हणजे वाचकाला चुकीच्या वाटेवर सोडणे होय. ‘कर्करोगकारक असल्याचे निःसंशय सिद्ध झालेल्या पदार्थांपैकी एक’ असे लिहिल्याने तो प्रश्नच मिटतो.

या सर्वांवर कळस म्हणावा असा एक शब्दप्रयोग खुद्द कायद्यात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातील ४०-अ या कलमात, ज्याला आपले आरोग्य राखण्यासाठी अथवा टिकविण्यासाठी विदेशी मद्याची गरज आहे अशा व्यक्तीस आरोग्य परवाना देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये या कायद्याची वारसदार. दारूबंदीच्या काळात ही एक वैद्यकीय सवलत होती, तिचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु भाषा आपली जुनी गृहीते जपून ठेवते: परवान्याच्या लेखी मद्य आरोग्यासाठी, बाटलीच्या लेखी आरोग्यास हानिकारक. सर्दीला ब्रँडी, ‘औषधापुरती घ्यावी’, ही बोलण्यातील वाक्ये याच कुळातली आहेत. थोडे मद्य हृदयास हितकर, या एकेकाळच्या वैद्यकीय मतानेही त्यांना बळ दिले. ते मत ज्या तुलनांवर उभे होते, त्यांत ‘न पिणारे’ म्हणून गणलेल्यांत आजारामुळे दारू सोडलेले लोकही होते, हे पुढे ध्यानात आले. ‘हानिकारक’ या एका शब्दाला या साऱ्या परंपरेशी झुंजावे लागते.

इतर देशांत या शब्दाच्या जागी कर्करोगाचे नाव घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. कॅनडातील युकॉन प्रांतात २०१७ च्या अखेरीस बाटल्यांवर कर्करोगाचा उल्लेख असलेल्या चिठ्ठ्या लावण्याचा प्रयोग सुरू झाला; मद्यव्यावसायिकांच्या विरोधामुळे तो महिन्याभरातच थांबला आणि पुन्हा सुरू झाला तो कर्करोगाची चिठ्ठी वगळून. आयर्लंडने २०२३ मध्ये मद्य व प्राणघातक कर्करोग यांचा थेट संबंध सांगणारे वाक्य बाटलीवर छापण्याचा नियम केला, तो मे २०२६ पासून लागू व्हावयाचा होता. २०२५ मध्ये तो २०२८ पर्यंत पुढे ढकलण्यात आला. एका वाक्यासाठी इतका झगडा व्हावा, यावरून त्या वाक्याचे वजन ध्यानात येईल.

मात्र परदेशी पत्रक जसेच्या तसे मराठीत आणणे हाही उपाय नव्हे. युरोपातील माहितीपत्रकात स्त्रिया, वाईन व स्तनांचा कर्करोग यांना मोठी जागा असते, व तेथे ते योग्यच आहे. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी मद्य घेत असल्याचे सांगितले, तर स्त्रियांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. याउलट कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे पुरुष ३४ टक्क्यांच्या आसपास व स्त्रिया सुमारे ११ टक्के होत्या. (स्त्रियांच्या तंबाखूत मिश्रीचा वाटा मोठा, ती दात घासण्याची वस्तू म्हणून गणली जात असल्याने ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच येते.) मांडवगण फराट्यासारख्या गावात जे वाक्य सर्वप्रथम सांगितले जावयास हवे ते दारू आणि तंबाखू एकत्र आल्याविषयीचे आहे. कारण या दोहोंचा परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. ‘तंबाखू वाईट, दारू वाईट’ अशी दोन सुटी वाक्ये भिंतीवर शेजारी लिहिल्याने हा गुणाकार वाचकाला कळत नाही.

गावाच्या भाषेत सांगितल्याने खरोखर फरक पडतो काय, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे, जरी ते मद्याविषयी नसले तरी. १९८७ साली बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडे व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यांत रुग्ण स्वतःहून इस्पितळाच्या दप्तरात येत नाहीत, म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव जात, लोकांना जमवून रोगाची लक्षणे साध्या शब्दांत सांगत आणि संशयित रुग्णास तपासणीस येण्यास प्रवृत्त करीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात आरंभीच्या अवस्थेत उजेडात येऊ लागले होते. या बदलाच्या मागे एखादे नवीन यंत्र नव्हते; लोकांची जाण वाढली होती.

तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत सांगावयाचे शब्दही मराठीत तयार आहेत, ते कोशातून काढावयाचे नाहीत. गालफडात किंवा जिभेवर पडलेला पांढरा वा लाल चट्टा. दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम. तोंड पूर्वीसारखे न वासणे, इतके की तीन बोटे उभी जाईनाशी होणे. तिखट लागताच आग होणे. मानेत न दुखणारी गाठ. यांपैकी काही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, आणि दाखवावयास जाताना दारू किती घेतो हे ग्लासांत किंवा पेगांत न सांगता क्वार्टरमध्ये सांगावे, म्हणजे लिहून घेणाऱ्याला तिचे ग्रॅम काढता येतील.